जंक्शनची कॅसेट

पूर्णेत लिंबाजीला सगळे भोंगेवाला म्हणायचे. लग्न असो, उरूस असो, गणपती असो नाहीतर निवडणूक, रिक्षाच्या टपावर किंवा लिंबाच्या फांदीला बांधलेला जो भोंगा दिसायचा तो लिंबाजीचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांना त्याचेच भोंगे जायचे आणि नामांतर नको म्हणणाऱ्यांच्या सभेलाही त्याचेच जायचे. कुणी टोकलं तर म्हणायचा, "भोंगा माझा हाय, तोंड ज्याचं त्याचं." तरुणपणापासून तो त्या भोंग्यांच्या बुडाशी, टेम्पोच्या हौद्यात, तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला पाठ लावून बसत आला होता.

पण त्याचा जीव भोंग्यात नव्हता. त्याला आवाज साठवायचा नाद होता. हैदराबादचा एक ऑर्केस्ट्रावाला धंदा मोडून सामान विकत होता, हे कळल्यावर लिंबाजी रातोरात गाडीनं गेला आणि चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन मांडीवर घेऊन परतला. साध्या टेपरेकॉर्डरवर सगळे आवाज एकाच वेळी एकत्र भरतात. या मशीनवर मात्र एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरता येत. नंतर सावकाश बसून कोणता आवाज पुढं घ्यायचा, कोणता मागं ठेवायचा, कोणाला धार द्यायची, कोणाला गोलाई, हे ठरवून त्यांची एक पक्की कॅसेट बनवायची. याला मिक्सिंग म्हणतात, हे लिंबाजी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, विचारलं नसलं तरी.

स्टेशनाच्या मागच्या गल्लीत, रुळांपासून हाकेच्या अंतरावर त्याचं तीन खोल्यांचं घर होतं. मधल्या खोलीच्या भिंतींना त्यानं जुन्या वाकळा ठोकल्या, खिडकी पोत्यांनी बुजवली आणि दारावर खडूनं 'स्टुडिओ' लिहिलं. त्याची बायको सारजाबाई त्या दिवशी एवढंच म्हणाली, "वाकळा घेतल्या ते घेतल्या, थंडीत काय पांघरायचं ते पण लिवा दारावर." भजनी मंडळं आली, भीमगीतांचे दोन संच आले, कापड दुकानाच्या जाहिराती झाल्या. असं चाललं होतं.

ब्याण्णव सालच्या पावसाळ्याच्या शेवटी तीन पोरं दारात येऊन उभी राहिली. पुढचा बन्सीधर. त्याचे वडील रेल्वेत ड्रायव्हर, घर कॉलनीत. कॉलनीतले एक म्हातारे ख्रिस्ती ड्रायव्हर रिटायर होऊन सिकंदराबादला गेले, ते जाताना आपली इलेक्ट्रिक गिटार आणि इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटींचं खोकं या पोराला देऊन गेले होते. दुसरा मुंजाजी, भीमनगरचा. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत गावाकडचं घर जळालं तेव्हा त्याचे वडील लेकरं घेऊन पूर्णेला आले आणि रेल्वेच्या हमालीत लागले. मुंजाजी आयटीआय झालेला. त्यानं स्वतःची बेस, म्हणजे खालच्या, जाड सुरांची गिटार, जुन्या सागवानी दाराच्या फळीतून कोरून बनवली होती. तिसरा आश्रुबा, पालमकडच्या खेड्यातला. त्याचे आईबाप दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. तो सायकलच्या दुकानात कामाला होता आणि रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कॉलनीच्या क्लबात, धूळ खात पडलेला ड्रमसेट वाजवायला आपला आपण शिकला होता.

"मामा, आमचा बँड हाय. जंक्शन नाव हाय. रेकॉर्डिंग करायचंय," बन्सीधर म्हणाला.

"लग्नातला बँड? क्लॅरिनेट कोण वाजवतंय?"

मुंजाजीला हसू आलं. "क्लॅरिनेट न्हाई मामा. दोन गिटारी अन् ड्रम. रॉक म्हणतेत त्याला."

"गाणी कुणाची?"

"आमचीच. मराठीच हायेत."

लिंबाजीनं तिघांकडं नीट पाहिलं. त्याच्याकडं येणारा प्रत्येक जण दुसऱ्याचं गाणं घेऊन यायचा. चाल सिनेमाची आणि शब्द तेवढे बदललेले. स्वतःचं गाणं घेऊन आलेलं पहिलंच गिऱ्हाईक दारात उभं होतं.

"या," तो म्हणाला. "चपला बाहेर ठेवा."

*

रेकॉर्डिंग दुपारी करायचं ठरलं, कारण दुपारी गल्ली झोपलेली असायची. ड्रमसेट मधल्या खोलीत मांडला. गिटारचा स्पीकर न्हाणीत ठेवून वर गादी टाकली, म्हणजे त्याचा आवाज ड्रमच्या माईकमध्ये घुसणार नाही. मुंजाजीची बेस वायरीनं थेट मशीनला जोडली. गाणाऱ्याची जागा स्वयंपाकघरात, ज्वारीच्या दोन पोत्यांच्या मध्ये. भरल्या पोत्यासारखं आवाज शोषून घेणारं दुसरं काही नाही, असं लिंबाजीचं मत होतं. सारजाबाईनं चूल अंगणात मांडली आणि उंबऱ्यावर ठाण मांडलं. तिथून तिला सिग्नलचा हात दिसायचा. तो पडला की ती आत बघून म्हणायची, "थांबा, गाडी यायलीय." मग सगळे हातातलं तसंच धरून बसायचे. घर हादरायचं, पोत्यावरची धूळ खाली यायची, गाडी जायची आणि लिंबाजी बोटानं पुन्हा सुरू करायची खूण करायचा.

पहिलं गाणं आश्रुबानं लिहिलेलं होतं. गायचं बन्सीधरनं.

*कोयता गेला, घोंगडी गेली,*
*तवा गेला, परात गेली,*
*मागं राहिलं दार, अन् दाराला मी.*

पहिल्या दोन ओळी साध्या, बोलल्यासारख्या. तिसऱ्या ओळीला तिघंही एकदम तुटून पडायचे. आश्रुबाचा ड्रम असा यायचा की लिंबाजीच्या पोटात धक्का बसायचा. असला आवाज त्यानं आयुष्यात भरला नव्हता. शेवटच्या ओळीला बन्सीधरचा गळा फाटला तेव्हा लिंबाजीनं मान खाली घातली. डोळे पोरांना दिसायला नको होते.

"परत घेऊ का मामा? गळा चिरकला," बन्सीधरनं विचारलं.

"हात लावू नको त्याला. तेच गाणं हाय."

चार गाणी भरून झाली. दसऱ्याच्या आत कॅसेट हवी होती. आश्रुबाचे आईबाप ट्रकनं निघायच्या आधी त्यांच्या हातात ती द्यायची होती. एक प्रत औरंगाबादच्या एका कॅसेट कंपनीला पाठवायचा विचारही बन्सीधरच्या मनात होता, पण तो त्याबद्दल हळूच बोलायचा.

"तुमी आता निघा," लिंबाजी म्हणाला. "मिक्सिंगला मला एकट्याला बसावं लागतंय."

एकट्यानंच बसण्याला एक कारण होतं आणि ते त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. गेल्या दोनेक वर्षांपासून त्याला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. माणसाचं बोलणं, ढोल, इंजिनाची धडधड, सगळं येत होतं. पण कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, पोरींच्या पायातले चाळ, हे हळूहळू पुसट होत गेले. एकदा त्यानं नवी कॅसेट ऐकून दुकानदाराला शाबासकी दिली होती, की काय टेप हाय, मागं अजिबात सूं-सूं न्हाई. दुकानदार त्याच्याकडं बघतच राहिला, कारण टेपमागं चांगलीच सूं-सूं येत होती. त्या दिवसापासून लिंबाजी लोकांसमोर टेपबद्दल बोलणं टाळू लागला. कान गेलेल्या माणसाकडं रेकॉर्डिंगला कोण येणार? आपण आधी कानानं मोजून करायचो, आता अंदाजानं करू, अनुभव काय कमी हाय का, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

हेडफोन घालून तो दोन दिवस बसला. ड्रमसेटची झांज त्याला लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी वाटे. मग त्यानं ड्रमच्या ट्रॅकचं धारेचं, म्हणजे ट्रेबलचं, बटण वर नेलं. तरी पुरेना, अजून नेलं. गिटार बोथट वाटली, तिलाही धार दिली. शब्दांतले स आणि श गळाल्यासारखे वाटले, तेही चढवले. शेवटी त्याच्या कानाला सगळं कसं स्वच्छ, भरलेलं लागलं. त्यानं कॅसेट काढली, तिच्यावर सुबक अक्षरात 'जंक्शन' लिहिलं आणि पोरांना दिली.

*

तिसऱ्या दिवशी पोरं आली, पण आत येईनात. बन्सीधर उंबऱ्याबाहेर चुळबुळत उभा राहिला.

"मामा, म्हणजे, चांगलं झालंय. फक्त जरा कानाला टोचायलंय."

"टोचायलंय म्हणजे?"

"झांज लय वर गेली. अन् गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यावानी..."

"कशावर ऐकलं?" लिंबाजीचा आवाज चढला. "चहाच्या टपरीवरच्या डबड्यावर ना? त्याचं हेड साफ करा आधी. माझं मिक्सिंग बराबर हाय. पंधरा वर्षं झाली मला ह्या कामात, तुमी काल गिटार धरली."

मुंजाजी काही बोलणार होता. बन्सीधरनं त्याला कोपरानं थांबवलं. दोघं निघाले. आश्रुबा मागं रेंगाळला. त्याला भांडता येत नव्हतं. खाली बघत तो म्हणाला, "मामा, राग मानू नका. काल आई बाजाराला आलती. तिला ऐकवलं. तिनं दोन्ही कानांवर पदर घेतला. म्हणली, बाळा, लय छान हाय, पण बंद कर. माझं डोकं उठायलंय."

तो गेला. लिंबाजी अंगणाकडं वळला.

सारजाबाई अंगणात ज्वारी निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"ती पोरं खरं बोलायलीत," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"त्यातलं न्हाई कळत. तुमचं कळतंय. तुमाला बारीक ऐकायला येत न्हाई. मला मागल्या सालच्या पोळ्यापासून ठाऊक हाय. आधीपासूनच असंल, पण मला तवा कळलं. सोयरे आलते, बाहेरून हळू आवाजात म्हणत होते, तुमी भलतंच उत्तर दिलं. तवापासून मी कुणी आलं की तेच मोठ्यानं परत बोलते. तुमाला वाटलं असंल, ही बाई येवढी का बडबडायली."

लिंबाजीला वाटलं, आपण उघडे पडलो आहोत. आणि चोराला पकडणाऱ्याबद्दल जो राग येतो तोच त्याला बायकोबद्दल आला.

"मग आजवर तोंड का शिवलं व्हतं?"

"तुमी लपवत व्हतात. मला वाटलं, लपवू द्यावं. कुणाचं काई बिघडत न्हवतं." तिनं सूप पुन्हा जवळ ओढलं. "आज बिघडलं. त्या माउलीनं कानावर पदर घेतला."

तो चप्पल पायात सरकवून बाहेर पडला. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय आपसूक स्टेशनाकडं वळले. प्लॅटफॉर्मवर नांदेडची गाडी उभी होती. केळीवाले, चहावाले, खिडकीतून हात काढणारी माणसं. सगळा गलका त्याला ऐकू येत होता, आणि त्याला जरा धीर आला. येवढं तर ऐकू यायलंय, सारजीला काय, उगीच.

तेवढ्यात गार्ड डब्यातून वाकला, त्यानं शिट्टी तोंडाला लावली. गार्डचे गाल फुगले. मानेच्या शिरा ताठल्या. शेजारी उभ्या असलेल्या पोरानं दचकून कानावर हात ठेवले. लिंबाजीला काहीच ऐकू आलं नाही. शिट्टी तोंडात, गाल फुगलेले, आणि काहीच नाही. मग इंजिनाचा जाड भोंगा वाजला, तो मात्र छातीत घुमला, आणि गाडी हलली.

गाडी गेल्यावर तो बाकावर बसला. ज्या भोंग्यांनी पोट भरलं त्यांनीच हळूहळू कान खाल्ले होते आणि आपल्याला पत्ता लागला नाही. पण बसता बसता दुसरंही काही जाणवलं. लपवायचं ओझं उतरलं होतं. घरातलं एक माणूस हे सगळं जाणत होतं आणि जाणूनही वर्षभर त्याच्या बाजूला उभं होतं. आपण आतल्या खोलीत एकटे बसत होतो तेव्हा ती उंबऱ्यावर होती.

तो उठून घरी आला. सारजाबाई भाकरी थापत होती.

"जेवण झालं की मशीनवर बस माझ्यासंगं," तो म्हणाला.

"मला काय येतंय तिथलं?"

"तुला काई यायचं कारण न्हाई. तू ऐक. काय ऐकायला येतंय ते मला सांग. बटण मी फिरवतो."

*

पहिला दिवस भांडणात गेला. तिला शब्द सापडेनात आणि त्याला धीर धरवेना. तो विचारायचा, "ट्रेबल जास्त हाय का?" ती म्हणायची, "मला ट्रेबल ठाऊक न्हाई." मग म्हणायची, "मोहरी जळल्यावानी वाटतंय." कुठं? कोणत्या आवाजात? "त्या पितळी ताटात." म्हणजे झांज. त्यानं ड्रमच्या ट्रॅकची धार उतरवली, थोडी, आणखी थोडी. ती मान हलवत राहिली, हलवत राहिली, आणि एका जागी तिची मान थांबली.

"आता ताट दिसत न्हाई, पण हाय," ती म्हणाली.

लिंबाजीनं त्या जागी बटणाशेजारी खडूची रेघ ओढली. ही रेघ जिथं होती त्याच्या कितीतरी पुढं आपण आधी गेलो होतो हे त्याला दिसलं.

दुसऱ्या दिवशी मात्र वेगळंच झालं. सारजाबाईला आता हुरूप आला होता. तिला गिटारच नको होती. "बोल ऐकू येईनात तिच्यामुळं. बारीक करा. अजून बारीक करा." लिंबाजी करत गेला. गाणं संपलं तेव्हा तो म्हणाला, "हे भजन झालं."

"मग भजन काय वाईट असतंय?"

"वाईट न्हाई. पण ह्या पोरांचं हे न्हवं." त्याला ते नीट सांगता येईना. तिसऱ्या ओळीला पोटात धक्का बसला होता तो आता बसत नव्हता, एवढं त्याला कळत होतं. खालचे, जाड आवाज त्याला अजूनही तिच्यापेक्षा बरे ऐकू येत होते. ती म्हणे बोल हवेत, तो म्हणे धक्का हवा. शेवटी दोघांनाही हे सुटेना तेव्हा त्यानं सायकल काढली आणि तिघांना बोलावून आणलं.

पोरं आली. लिंबाजी त्यांच्यासमोर उभा राहिला. हे बोलणं त्याला स्टेशनवरच्या त्या शिट्टीपेक्षाही जड गेलं.

"त्या दिवशी मी तुमच्यावर उखडलो. तुमचं बराबर व्हतं. मला बारीक आवाज ऐकायला येत न्हाईत. आता मिक्सिंग आमी दोघं करायलाव. खालचं मी ऐकतो, वरचं ही ऐकती. तुमाला चालत असंल तर बसा, नसंल तर ही तुमची कॅसेट, परभणीला कुणाकडं घेऊन जावा. मी वाईट वाटून घेणार न्हाई."

मुंजाजी बोलला, "मामा, माझी बेस खालचीच हाय. मला काय फरक पडतोय?" आणि तो सगळ्यांच्या आधी मशीनपुढं मांडी घालून बसला.

बन्सीधर मात्र गंभीर होता. त्यानं दोन्ही मिक्स ऐकले, आधीचा आणि सारजाबाईचा. मग म्हणाला, "मामी, गिटार बारीक केली तर बोल ऐकू येतेत, खरं हाय. पण दाराला मी, तिथं तर गिटार पायजेच. तिथं रडायचं न्हाई, तिथं दार लाथाडायचंय."

सारजाबाईनं विचार केला. "मग आधी बारीक ठेवा की. तिथं आल्यावर सोडा."

ही गोष्ट लिंबाजीच्या डोक्यात आली नव्हती. त्याला सवय एकदा बटणं बसवून सोडून द्यायची. पण ही बटणं चालू गाण्यात हलवताही येत होती. फक्त त्याला हात पुरे पडणार नव्हते.

मग असं ठरलं. लिंबाजीचे हात ड्रमवर आणि बेसवर. सारजाबाईचा एक हात गिटारवर, एक गाण्याच्या आवाजावर. आश्रुबा तिच्या खांद्याशी. ओळ आली की तो तिच्या पाठीवर बोट टेकवणार, कारण त्याला प्रत्येक ठोक्याची जागा पाठ होती. बन्सीधर पक्क्या कॅसेटचा डेक सुरू करणार आणि बंद करणार. मध्ये कुणी चुकलं तर पुन्हा सुरुवातीपासून.

पहिल्यांदा सारजाबाईनं गिटार इतक्या जोरात सोडली की मुंजाजी मागं सरकला. दुसऱ्यांदा लाइट गेली. तिसऱ्यांदा सगळं नीट चाललं होतं, पण सारजाबाईला शेवटच्या ओळीला रडू आलं आणि तिचा हात आवाजावरून निसटला. "माफ करा," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आमची आई पण जायची तोडीला. मी पण दारालाच ऱ्हायची." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि हे लिंबाजीनं आज पहिल्यांदा ऐकलं. तिच्या माहेरचे पूर्वी तोडीला जायचे एवढं त्याला ठाऊक होतं. ती मागं राहायची, एकटी, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"थोडं थांबू का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. आता येईल मला. लावा."

आणि आलं. आश्रुबाचं बोट टेकलं, तिनं गिटार सोडली, लिंबाजीनं त्याच क्षणी ड्रम वर घेतला. गाणं संपल्यावर बन्सीधरनं डेक बंद केला आणि बोलायच्याऐवजी तिला वाकून नमस्कार केला. तिनं पाय मागं ओढले. "काय करायलास बाबा, भाकरी खा आधी."

*

आश्रुबाच्या गावाहून ट्रक निघायच्या दिवशी लिंबाजी स्वतः तिथं गेला. सारजाबाईही बरोबर होती. एसटीत तिनं टेपरेकॉर्डर मांडीवर धरला होता. ट्रकमध्ये भांडी, शेळी, सरपण, गुंडाळलेल्या वाकळा चढत होत्या. आश्रुबाची आई धुरपताबाई कामाच्या घाईत होती. आश्रुबानं कॅसेटचं नाव काढल्याबरोबर तिनं पदर सावरला, आणि त्याला भीती वाटली.

"येकदा ऐक," तो म्हणाला. "टोचलं तर मी बंद करतो."

ट्रकच्या फाळक्यावर टेप ठेवला. कोयता गेला, घोंगडी गेली. ती ऐकत राहिली, हातात परात तशीच. मागं राहिलं दार आणि दाराला मी, इथं गिटार आली, ड्रम आला, आणि धुरपताबाईनं कान झाकले नाहीत. तिनं लेकाकडं पाहिलं. गाणं पूर्ण संपेपर्यंत ती त्याच्याकडंच पाहत होती.

"तुला येवढं वाटायचं?" तिनं विचारलं. "तू तर कधी रडला न्हाईस. मी म्हणायची, पोरगं घट्ट हाय."

तिनं परात खाली ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. कॅसेट तिनं लुगड्याच्या ओच्यात घेतली. जाताना ट्रकमधून ओरडून म्हणाली, "रोज लावते रं कोपीवर, मुकादमाच्या टेपवर."

ती कॅसेट ऊसतोडीच्या तळावर, पाचटाच्या त्या कोप्यांतून, किती हातांतून गेली कुणाला माहीत. संक्रांतीनंतर गंगाखेडचा एक माणूस तिचीच प्रत मागत पूर्णेला आला. त्याच्याकडची, प्रतीवरून प्रत काढता काढता, इतकी घासली होती की शब्द कळत नव्हते. औरंगाबादच्या कंपनीकडून काही उत्तर आलं नाही. बन्सीधर थोडे दिवस उदास होता, मग त्यानं नवीन गाणी लिहायला घेतली.

लिंबाजीला सारजाबाईनंच नांदेडला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येत नाही, उरलेलं जपा. भोंग्याजवळ बसू नका. लिंबाजीनं भोंग्यांचा धंदा हळूहळू भाच्याच्या हवाली केला आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगू लागला, की रेकॉर्डिंग मी करतो, मिक्सिंगला आमी दोघं बसतो. एकदोघं ऐकून परत गेले. बाकीचे थांबले. जिंतूरकडच्या भजनातल्या बायका तर सारजाबाई मशीनवर बसते म्हणूनच आल्या. पुरुषासमोर गळा मोकळा होत नाही म्हणाल्या. लिंबाजीनं माईक लावून दिले आणि अंगणात जाऊन बसला.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. भीमनगरात सकाळपासून निळ्या गुलालात माणसं न्हाऊन निघाली होती, ओळखू येत नव्हती. काही गल्ल्या मात्र दारं लावून गप्प होत्या. दुपारी मुंजाजी धावत आला. केसांत गुलाल, खांद्याला बेस. मागं बन्सीधर, आणि सायकलच्या दुकानातून तसाच निघालेला, ग्रीसच्या हातांचा आश्रुबा.

"मामा, वडील रडायलेत," मुंजाजी म्हणाला. "घर जळालं तवा रडले न्हाईत, आज रडायलेत. मला आत्ताच वाजवायचंय. गाणं अजून न्हाई. फक्त बेसवर एक चाल सापडलीय."

"गाणं न्हाई तर भरायचं काय?" लिंबाजी म्हणाला.

"भरा की," आतून सारजाबाई बोलली. ती आधीच नवी कॅसेट उघडून मशीनपुढं बसली होती. "बोल पाठीमागून येतील."

मुंजाजीनं वायर जोडली. गुलालाचे हात त्यानं पँटला पुसले. लिंबाजीनं त्याच्या बेसचं बटण थोडं वर घेतलं, डोळे मिटले आणि बोटानं खूण केली.